गिऱ्हाईकाने काढायची फिल्म

मी एक जुनी, आकसलेली प्लास्टिकची फिल्म आहे. जुनी म्हणजे अवघी दीड वर्षाची. पण आमचं आयुष्यच थोड्या दिवसांचं, त्या मानाने मी म्हातारी झाले. सध्या दिघीतल्या एका घरात, चित्रांच्या वहीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्यामुळे एका बापाची मान खाली गेली. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यात मला एका कूलरच्या तळाला चिकटवलं. कूलर म्हणजे उन्हाळ्यात खिडकीत बसवतात तो नव्हे. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो. सगळा विचार तोच करतो आणि करून करून तापतो. कूलरचा धातूचा तळ त्याला टेकून ती उष्णता ओढून घेतो आणि वरचा पंखा ती बाहेर टाकतो. त्या गुळगुळीत तळाला वाटेत चरा पडू नये, एवढंच माझं काम होतं. बसवण्याआधी मला सोलून फेकून द्यायचं, असं माझ्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलंही होतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मी आले धम्मपाल यांच्या घरी. निघोज्याजवळच्या एका कंपनीत ते बावीस वर्षं पॅकिंगला होते. गाड्यांच्या चकचकीत पट्ट्या तपासायच्या आणि खोक्यात भरायच्या. प्रत्येक पट्टीवर माझ्यासारखीच एक फिल्म. तिचा कोपरा जरी सुटलेला दिसला, तरी माल परत यायचा. त्यांची मुलगी मिनल नुकतीच बारावी झाली होती. तिला हलती चित्रं काढायला शिकायचं होतं, आणि त्यासाठी बापलेकींनी एकेक पार्ट जमवून घरीच कॉम्प्युटर बांधायला घेतला होता.

रविवारी सकाळी पलंगावर स्वच्छ चादर अंथरली. धम्मपाल साबणाने हात धुऊन बसले. कॉम्प्युटर कसा जोडायचा त्याचा व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिला होता. पण त्यातल्या माणसाने कूलर हातात घेतला, तेव्हा त्याची फिल्म आधीच निघालेली होती.

“पप्पा, ही काढायची ना?” मिनलने माझा कोपरा धरला.

“ए, नाय नाय! फिल्म आपण काढायची नसती. ती गिऱ्हाईक काढतं. आपण काढली की माल रिजेक्ट.”

आणि मिनलने उचललेला माझा कोपरा त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवला. अंगठ्याला प्रोसेसरवर लावायची राखाडी पेस्ट लागली होती, तिचा ठसा माझ्यावर उमटला. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मी ओरडून सांगणार होते, पण फिल्मला तोंड कुठलं!

कॉम्प्युटर सुरू झाला, तशी दोघांनी एकमेकांना टाळी दिली. दहा मिनिटांत तो बंद पडला. मी मध्ये आडवी पडलेली. प्रोसेसरची धग कूलरपर्यंत पोहोचणार कशी? मग उपाय सुरू झाले. टेबल खिडकीपासून लांब सरकवलं, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं, आणखी एक पंखा बसवला. कूलर सोडून सगळं तपासलं. “तो मी बसवलाय, तिथं प्रॉब्लेम नाय,” असं धम्मपाल छाती ठोकून सांगायचे. शेवटी घरातला टेबलफॅन डब्यासमोर लावला आणि कॉम्प्युटर तासभर चालला.

मिनलला हलत्या चित्रांच्या कोर्सची प्रवेश परीक्षा ऑनलाइन द्यायची होती. दोन तासांची, कॅमेरा सुरू ठेवून, एकाच बैठकीत. मधे बाहेर पडलं की संपलं. ती मैत्रिणीकडे जाऊन देणार होती. धम्मपाल म्हणाले, “आपलं घरचं मशीन असताना लोकांच्या दारात कशाला?”

परीक्षेच्या दुपारी ते रजा टाकून टेबलफॅनजवळ उभे होते. मी आत होरपळत होते. मिनलचं अर्धं चित्र झालं आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, तोवर परीक्षेचं दार बंद झालेलं.

“तुम्ही खोकीच भरा, पप्पा! तुम्हाला कुणी सांगितलं होतं याला हात लावायला?”

“चुकलं गं,” एवढंच ते म्हणाले. स्क्रू ड्रायव्हर कापडात गुंडाळून त्यांनी माळ्यावर ठेवला.

आठवड्याने मिनलने मला रहाटणीतल्या एका दुकानात नेलं. म्हणजे नेला कॉम्प्युटर, मी आतच होते. दुरुस्तीवाल्या ज्ञानेशभाऊंनी कूलर उचलला आणि हसायलाच लागले. “फिल्म तशीच? कुठल्या शहाण्यानं बसवला हा?”

“मीच,” मिनल म्हणाली. तिने मला मागून घेतलं. बसस्टॉपवर ती माझ्यावरच्या ठशाकडे बघत रडली. घरी मात्र म्हणाली, “कूलरच खराब निघाला, पप्पा. बदलून दिला.” धम्मपाल यांनी मान डोलावली.

पुढे ती घरी नसताना त्यांनी तिची वही चाळायला घेतली. पानातून मी खाली पडले. त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं, राखाडी ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. “गिऱ्हाईक आपणच होतो की,” असं स्वतःशीच म्हणाले आणि मी होते त्याच पानात मला ठेवलं.

मित्रांनो, नव्या वस्तूवरच्या फिल्मा वेळेवर काढत जा. आमचं वाईट वाटून घेऊ नका. आणि घरच्या माणसावर ओरडण्याआधी जरा थांबा. मला दोन बोटांनी काढता आलं, मिनलचा तो शब्द अजून निघालेला नाही. कॉम्प्युटर आता थंडगार चालतो, पण ती त्याच्यासमोर फारशी बसत नाही. पिंपरीतल्या एका ऑफिसात दिवसभर आकडे भरते.

परवा घरी नवा मिक्सर आला. मिनल बऱ्याच दिवसांनी ही वही उघडून बसली होती, म्हणून मला दिसलं. धम्मपाल यांनी मिक्सर खोक्यातून काढला, पुसला आणि तिच्यासमोर ठेवला.

“फिल्म तू काढ, बाळा,” ते म्हणाले. “मला नाय कळत त्यातलं.”

मिनलने वर पाहिलं. तिचा हात मिक्सरकडे गेलाच नाही.