चीर गेलेला पुष्कराज

तुळसाने तिसरा खडा काशाच्या वाटीतल्या पाण्यात सोडला आणि वाटी खिडकीच्या उजेडात धरली. बाहेर असताना खडा नदीतल्या गोट्यासारखा खरखरीत दिसत होता. पाण्यात पडताच त्याची साल जणू नाहीशी झाली आणि आतलं सगळं उघडं पडलं.

"सावकाश बघा, वहिनी," गोपीनाथशेट म्हणाले. "कच्चा माल पाण्यातच कळतो."

कल्याणच्या बाजारपेठेतलं गोपीनाथशेटांचं घर म्हणजेच त्यांची पेढी. पुढच्या ओटीवर गिऱ्हाईक बसे आणि मागच्या पडवीत साणेवर खडे घासले जात. लंकेहून आलेला माल त्यांना मुंबई बंदरातून मिळे. आज त्यांनी पांढऱ्या पंचावर पाच पुष्कराज मांडले होते, पैलू न पाडलेले, जसे जमिनीतून निघाले तसे.

तुळसाच्या उजवीकडे तिच्या सासूबाई, माई, मांडी घालून बसल्या होत्या. दाराशी तिचा नवरा त्र्यंबक रस्त्याकडे तोंड करून उभा होता. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत तो कारकून होता आणि आज अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता.

"हा बघ किती पिवळाजर्द आहे." माईंनी कडेच्या खड्यावर बोट ठेवलं. "हा घे."

"तो विस्तवातून निघालाय, माई," शेट म्हणाले. "निखाऱ्यात घालून रंग चढवतात. दिसायला झकास, पण तुमच्या जोशीबुवांना चालायचा नाही."

माईंनी बोट मागे घेतलं. जोशीबुवांनी दोन अटी घातल्या होत्या. खड्याला आग लागलेली नसावी, आणि जिने तो घालायचा तिनेच तो आपल्या हाताने निवडावा. सुनेचा गुरू दुबळा आहे, म्हणून कूस उजवत नाही, असं त्यांनी पत्रिका पाहून सांगितलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत तुळसाने पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या, सोमवार केले, कडू काढे घेतले. आता हा खडा. अक्षय्यतृतीयेपर्यंत गुण आला नाही तर त्र्यंबकाचं दुसरं लग्न करायचं, हे माईंनी तिच्यासमोर सांगून टाकलं होतं. भिवंडीची एक मुलगी परवा मायलेक पाहूनही आले होते. मुलगी तेरा वर्षांची आहे, अजून अंगणात सागरगोटे खेळते, असं माईंनी आल्यावर मोठ्या कौतुकाने सांगितलं. तुळसा तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

तिला आठवत होती ती मुंबईची गोरी डॉक्टरीणबाई. गेल्या पावसाळ्यात माहेरी गेली असताना तिच्या वहिनीने तिला गुपचूप तिथे नेलं होतं. बाईंनी तपासलं आणि मराठी बोलणाऱ्या नर्सकडून निरोप सांगितला. तुझ्यात काही दोष दिसत नाही, पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये. परत आल्यावर तुळसाने धीर करून ते त्र्यंबकाच्या कानावर घातलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिवा बारीक कर." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तिने चौथा खडा पाण्यात सोडला. फिकट, हळदीच्या पाण्यासारखा रंग. मधून एक बारीक रेघ आडवी गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय आहे?"

"चीर आहे ती," शेट म्हणाले. "खडा अस्सल आहे, विस्तवाचं नाव नाही. पण साणेवर धरला की दोन तुकडे होणार. मी दाखवायलाच आणायला नको होता."

"दोन्ही सारखे होतील?"

"जवळजवळ सारखे."

तुळसाने वाटी खाली ठेवली. खडा बाहेर काढून पदराने पुसला आणि मुठीत धरला.

"मग हाच."

"तुळसे!" माई म्हणाल्या. "चांगले सोडून फुटका उचलतेस?"

"फुटका नाही, माई. दोन होतील. एक मला." तिने मानेने दाराकडे दाखवलं. "एक ह्यांना."

माई ताठ झाल्या.

"त्याला कशाला? त्याच्यात काय कमी आहे?"

"जोशीबुवांनी ह्यांची पत्रिका मागितलीच नाही."

आपण हे बोललो, हे तुळसाला बोलून झाल्यावर कळलं. तिने त्र्यंबकाच्या पाठीकडे पाहिलं. अंगरख्याखाली खांदे किंचित वर गेले होते.

"त्र्यंबक, ऐकतोयस ना ही काय म्हणते ते?"

"ऐकतोय."

"मग बोल की काहीतरी."

त्याने चौकटीवरचा हात काढला. "आई, गाडीची वेळ होईल," तो म्हणाला.

एवढंच. तुळसाने मूठ उघडून खडा पंचावर ठेवला. तिचे कान तापले होते. परत त्याच घरी जायचं, त्याच चुलीपुढे बसायचं, आणि अक्षय्यतृतीया झाली की त्या सागरगोटे खेळणाऱ्या पोरीला आपल्या शेजारी जागा करून द्यायची. मग तिच्यासाठीही कुणीतरी असे खडे मांडेल.

"तिनेच निवडायचा असं बुवा म्हणालेत," माई अखेर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चरफड होती. "निवडलान ना, मग तोच. अंगठी एकच कर, शेट. उरलेला तुकडा तुझ्याकडे राहू दे."

शेटांनी दोरा पुढे केला. तुळसाने तो स्वतःच तर्जनीला गुंडाळला आणि माप देऊन परत दिला.

माई पायऱ्या उतरल्या. त्यांच्यामागे त्र्यंबक उतरला. पदर सारखा करून तुळसा ओटीच्या खांबापाशी आली, तोच तो उलट फिरला आणि तिच्याकडे न बघता तिच्या अंगावरून आत गेला. त्याचा आवाज खाली होता, पण ती दोन हातांवर उभी होती.

"शेट, तो दुसरा तुकडा टाकू नका."

"त्याचीही अंगठी करू?"

"अंगठी नको. चांदीच्या ताईतात बसवा. कमरेच्या करगोट्यात ओवता आला पाहिजे. आणि घरी निरोप धाडू नका. मी येऊन घेऊन जाईन."

तुळसाचा हात खांबावर होता, तो तिथेच राहिला. नाही म्हणतील, चिडतील, घरी गेल्यावर बोलतील, याची तिने तयारी केली होती. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचं म्हणणं नवऱ्याला पटलं होतं. कदाचित आज नव्हे, दिवा बारीक करायला सांगितला तेव्हाच. आणि तरी परवा ते भिवंडीला जाऊन मुलगी बघून आले होते.

ती पायऱ्या उतरली. माई रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत उभ्या होत्या.

"आत परत कशाला गेला तो?"

तुळसाने एकदा मागे पाहिलं.

"छत्री राहिली होती त्यांची."

त्र्यंबक ओटीवरून खाली आला. पौषातलं स्वच्छ ऊन पडलं होतं. त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

माई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेढीच्या दाराकडे पाहिलं, नजर तुळसाकडे वळली आणि तिथून चटकन खाली गेली.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही न विचारता स्टेशनाच्या वाटेला लागल्या.