उतारावर थांबायला शिकलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी गिअरची सायकल आहे. मला जुनी म्हटले तर माझी हरकत नाही, फक्त माझ्या ब्रेकना कुणी जुने म्हणू नये. ते नवे आहेत, आणि ते माझ्या अंगावर कसे आले हे सांगायलाच मी आज बसले आहे. सायकल बसत नाही, स्टँडवर उभी राहते, हे मलाही ठाऊक आहे. तेवढे चालवून घ्या.

माझा जन्म लुधियानाकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. मला गडद निळा रंग दिला आणि मधल्या दांड्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'माउंटन' असे लिहिले. मी मनातून फुलून गेले. वाटले, आता आपण डोंगर चढणार. आणि माझी रवानगी कुठे झाली? भंडारा जिल्ह्यात, मोहाडीला! तिथे जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या, आणि उंच जागा म्हणाल तर बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ. माझा पहिला मालक प्रविण तेवढ्या पाळीवर मला चढवायचा आणि खाली उभी असलेली पोरे टाळ्या वाजवायची. मीही टाळ्या पचवून घ्यायची. ब्रेकची गरज अशी फारशी कधी पडलीच नाही.

पुढे प्रविणला पुण्याला नोकरी लागली. त्याने मला धानाच्या पोत्यांमागे उभे केले, सीटवरून एकदा हात फिरवला आणि तो गेला. मी वाट पाहिली. टायरमधली हवा गेली, साखळीला गंज चढला, आणि एका कोंबडीने माझ्या कॅरिअरवर संसार थाटला. तिची पिल्ले माझ्या पायडलवरून उड्या मारायला शिकली. तेवढाच माझा उपयोग. फार एकटे वाटायचे, मित्रांनो.

तिथून मला बाहेर काढले शकुनबाईंनी. त्या प्रविणच्या आत्या. लग्नकार्यासाठी माहेरी आल्या होत्या, त्यांनी मला पाहिले आणि भावाला म्हणाल्या की ही माझ्या हर्षाला द्या, पोरगी यंदा कॉलेजात गेली आहे. अशी मी चिखल्याला आले.

चिखल्याला मँगनीजची खाण आहे. हर्षाचे बाबा, भोजराज, त्याच खाणीत काम करतात, जमिनीच्या पोटात. त्यांचे क्वार्टर वरच्या अंगाला, आणि तुमसरची बस मिळते खालच्या फाट्यावर. मध्ये लांबच लांब उतार. माझ्या दांड्यावरचे अक्षर अखेर खरे ठरले! सकाळी हर्षा मला सोडायची आणि आम्ही दोघी वाऱ्यासारख्या खाली जायचो. संध्याकाळी ती मला ढकलत, गाणे गुणगुणत वर आणायची. शकुनबाई दारातच उभ्या असायच्या. लेक एकदा नजरेस पडली की मगच त्या भाताचे आधण ठेवायच्या.

पण पावसाळ्यात त्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेल्या मातीचा काळा चिखल होतो. तो माझ्या चाकांच्या कडांवर लिंपला जायचा. माझे तेव्हाचे ब्रेक म्हणजे रबराचे दोन तुकडे, चाकाची कड चिमटीत धरणारे. कोरड्यात ते ठीक होते, चिखलात मात्र साबणाची वडी धरल्यासारखे व्हायचे. आणि एके सकाळी व्हायचे तेच झाले. वळणावर खालून ट्रक आला. हर्षाने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. मी थांबले नाही. मला थांबायचे होते हो, पण थांबता आले नाही. तिने मला बाजूच्या चरात घातले. ट्रक निघून गेला. हर्षाचा गुडघा सोलून निघाला आणि आम्ही दोघी काळ्याठिक्कर घरी परतलो.

शकुनबाईंनी आधी जखम धुतली. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे सायकल इकून टाका. अन् पोरीले माह्या भावाकडे मोहाडीले ठेवा. तिथून जाईन कॉलेजले. मले दिसली नाही तरी चालते, पण जिवंत पाहिजे."

हे बोलताना त्या हर्षाकडे पाहत नव्हत्या. लेकीला दूर धाडायचे त्यांच्या जिवावर आले होते, आणि हर्षालाही आईला सोडून कुठे जायचे नव्हते. पण रोज सकाळी भीतीने दारात उभे राहणार तरी किती दिवस?

भोजराज मोजके बोलणारे. ते माझ्याजवळ उकिडवे बसले, माझी झिजलेली रबरे बोटाने चाचपली आणि म्हणाले, "मी रोज दुसऱ्याच्या ब्रेकवर खाणीत उतरतो. खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात माणसं भराच्या आधी रिकामा पिंजरा एकदा खाली-वर करून पाहतेत. पिंजरा इकून टाकत नाहीत. हिचा ब्रेक बदलून पाहू. नाहीच जमला तर मोहाडी."

सुटीच्या दिवशी बापलेक मला टेम्पोत टाकून तुमसरला घनश्यामच्या दुकानात घेऊन गेले. घनश्यामने मला उलटेसुलटे करून पाहिले. माझ्या मागच्या चाकाच्या आसाजवळ दोन भोकांची एक पट्टी आहे, आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावरही तशीच जागा आहे. ती कशासाठी, हे मला जन्मापासून कळले नव्हते. घनश्याम म्हणाला की ही जागा डिस्क ब्रेकसाठीच असते, म्हणजे कडेऐवजी चाकाच्या मध्यावरची चकती धरणाऱ्या ब्रेकसाठी; फक्त चाके आणि हँडलवरच्या ब्रेकच्या मुठी बदलाव्या लागतील. ऐकून मला कसेसेच झाले. थांबण्याची सोय माझ्या अंगात पहिल्यापासून होती, आणि कुणी ती विचारलीच नव्हती!

आता निवड करायची होती. घनश्यामने दोन जोड समोर ठेवले. एकात नळीतून तेल दाबले जाते, दुसऱ्यात साधी तार ओढली जाते. हर्षाचा जीव तेलवाल्यावर गेला. दोन बोटांनी हलके दाबले की चाक जागच्या जागी थांबायचे. ती पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती. भोजराजांनीही दाबून पाहिले, मान डोलावली, आणि घनश्यामला एवढेच विचारले, "बिघडला तर चिखल्यात कोन दुरुस्त करन?"

घनश्याम हसला. तेलवाला बिघडला तर त्याचे तेल काढून भरायला नागपूर गाठावे लागेल, तारवाल्याची तार मात्र चिखल्यातही मिळेल, असे त्याने सरळ सांगितले. हर्षा थोडी हिरमुसली. भोजराज तिला म्हणाले की आपल्याला दुकानात थांबणारा ब्रेक नको, आपल्या उतारावर थांबणारा पाहिजे. पोरगी शहाणी, तिला पटले. तारवाला जोड ठरला. उताराला पुढच्या चाकाचा आधार जास्त लागतो, म्हणून पुढे चकती मोठी घेतली. निघताना घनश्यामने बजावले की चकतीला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. दोघांनी मान हलवली. घरी गेल्यावर मात्र हे सांगायचे दोघांच्याही ध्यानात राहिले नाही.

काय सांगू मित्रांनो, त्या चकत्या! चांदीच्या ताटलीसारख्या लखलखीत. चिखल चाकाला लागो, कडेला लागो, चकती वर कोरडी राहायची, आणि लागलेच काही शिंतोडे तर ब्रेक ते पुसून टाकायचा. मी वळणावर गुमान थांबू लागले. शकुनबाई पहिले काही दिवस उताराच्या तोंडापर्यंत यायच्या, मग फाटकापर्यंत, मग दारातच थांबू लागल्या. मोहाडीचे नाव कुणी काढेना.

आणि दसरा आला. आपल्याकडे त्या दिवशी विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्यांना धुऊन पुसून तेल लावतात, हळदकुंकू वाहतात. शकुनबाईंनी मला अंगणात घेतले. बाळाला न्हाऊ घालावे तसे न्हाऊ घातले. हँडलला झेंडूची माळ बांधली. मग वाटीत जवसाचे तेल घेतले आणि चकत्यांना दोन्ही बाजूंनी, बोटाने, हळूहळू चोळले. वर कुंकवाचे बोट टेकवले. "माह्या पोरीले सांभाळजो," असे त्या मला म्हणाल्या. इतक्या मायेने मला कुणीच कधी हात लावला नव्हता. आणि मला वाचा नव्हती.

सुटी संपून कॉलेज उघडले, त्या सकाळी हर्षा निघाली. उतार लागायच्या आधी सपाटीवर एकदा ब्रेक दाबून पाहायचा, हा बापाने घालून दिलेला नेम. तिने दाबला. मी नुसतीच किंचाळले आणि घसरत पुढे गेले. तिने पाय टेकवून मला कसेबसे उभे केले. समोर उतार होता. ती तिथेच उभी राहिली, आणि मग मला हाताने ढकलत घरी घेऊन आली.

शकुनबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की मला ठाऊकच होते, ह्या ब्रेकचा काही भरवसा नाही, उद्याच भावाला फोन करा. हर्षा माझ्यापाशी वाकली. तिला चकतीवर कुंकवाचा चिकट डाग दिसला. तिने बोट लावून हुंगले आणि तिला सगळे समजले. पण आईला हे सांगण्यापेक्षा मुकाट्याने मोहाडीला जाणे तिला सोपे वाटत होते. तिचे डोळे मला दिसत होते.

रात्रपाळी करून आलेल्या भोजराजांनीही बोट हुंगले. मग बायकोला म्हणाले, "तेल लागलं आहे चकतीले. तेलानं हा ब्रेक सुटते. दुकानदारानं आमाले सांगतलं होतं, आमीच तुले नाही सांगतलं. चूक आमची आहे."

शकुनबाई आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. "म्हंजे माह्याच हातानं..." एवढेच त्या बोलल्या. हर्षा त्यांना बिलगली, आणि म्हणाली, "आई, तू मले सांभाळासाठीच लावलं ना? मी कुठी जात नाही."

चकत्या स्पिरिटने स्वच्छ झाल्या. ब्रेकच्या आतल्या तेल प्यालेल्या पट्ट्या घनश्यामकडून आणून बदलल्या. नव्या पट्ट्या मुरायला सायकल पळवून पुन्हा पुन्हा थांबवावी लागते, म्हणून भोजराज स्वतः माझ्यावर बसले. लुंगी खोचून ते क्वार्टरसमोर येरझाऱ्या घालत होते आणि शकुनबाई डोळे पुसता पुसता हसत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी असेल. त्याला माया करा, पण त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही हे आधी विचारून घ्या. आणि तुम्हाला ते कळले, तर घरातल्या सगळ्यांना सांगा. सांगायचे राहू देऊ नका.

यंदाच्या दसऱ्याला माझ्या हँडलला माळ होती, दांड्यावर कुंकू होते, आणि चकत्यांना शकुनबाईंनी कोरड्या फडक्याशिवाय काही लावले नाही. आता त्या सकाळी दारात नुसत्या उभ्या राहत नाहीत. हर्षा बसली की आधी स्वतःच्या हाताने माझे दोन्ही ब्रेक दाबतात आणि मला जोर लावून पुढे ढकलून पाहतात. मी तसूभरही हलत नाही. मग त्या ब्रेक सोडतात आणि लेकीला म्हणतात, "जाय आता."