कालवलेला वाडगा

घरातून निघताना बोरामने मला बजावलं होतं. आई, आजचा एक दिवस तोंड आवर. जेवायचं, हसायचं, मान हलवायची आणि घरी यायचं. मी म्हटलं, बरं बाई, शपथ. मला काय भांडायची हौस आहे? माणसंच अशी वाट्याला येतात, त्याला मी काय करू?

बोराम माझी एकुलती एक. एकतीस वर्षांची झाली, दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, आणि ग्यूहो नावाच्या मुलाशी तिचं जमलेलं. मुलगा दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. आमच्या घरी आला तेव्हा पार जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला होता. मीच भुलले. आता दोन्हीकडच्या आईबापांनी एकदा समोरासमोर बसून जेवायचं, की लग्न पक्कं. हे जेवण कसं असतं ते आमच्या इंचन शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बंद दाराची खोली, एकामागून एक येणाऱ्या बशा, आणि दोन्ही आया ताठ बसून 'आमचं लेकरू अजून कच्चं आहे, सांभाळून घ्या' म्हणतात. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या विजारी आखूड करत आले. या जेवणासाठी पहिल्यांदा स्वतःला जाकीट शिवलं, आतून रेशमी अस्तर लावलं, पार्लरमध्ये जाऊन केस कुरळे करून घेतले.

आणि ग्यूहोच्या बापाने, बांगसाहेबांनी, आम्हाला बोलावलं कुठे? तर बाजारामागच्या चिनी नूडल्सच्या दुकानात.

आता कोणी मला नखरेल म्हणू नका. जाजांग, म्हणजे काळ्या सॉसच्या नूडल्स, मी लहानपणापासून खात आलेय. घर बदललं की सामानाच्या खोक्यांमध्ये वर्तमानपत्र अंथरून आम्ही त्याच खातो. बोरामच्या शाळेचा शेवटचा दिवस होता तेव्हाही त्याच खाल्ल्या. हे वांग मालकांचं दुकान तर त्यांच्या आजोबांपासूनचं. मागे ओट्यावर कणीक आपटल्याचा आवाज आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. पण मुलगी द्यायला आलेल्या माणसांना कोणी तिथे बसवतं का? शेजारच्या टेबलावर फरशी बसवणारे गडी ओरपून खातायत, आणि मी रेशमी अस्तर लावून बसलेय.

बांगसाहेब म्हणाले, "व्याही, आता आपण एकाच घरातले. थाटमाट परक्यांसाठी असतो."

मी हसले. मान हलवली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण मान हलवली. राग आला की मला भूक लागते, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बोरामच्या बाबांनी गुपचूप कच्च्या कांद्याची बशी माझ्याकडे सरकवली.

मग बांगसाहेबांनी हात पसरून सांगितलं, काय हवं ते मागवा, अगदी मोकळेपणाने, मी आपला जाजांग घेतो. आमच्याकडे जेवू घालणारा असं म्हणाला की झालं, बाकीच्यांनीही तेच घ्यायचं. जंपोंग नूडल्सचा लालभडक रस्सा आणि त्यातले शिंपले कितीही डोळ्यांपुढे आले तरी गप्प बसायचं. बोरामचे बाबा बस चालवायचे, सगळी नोकरी वरिष्ठांबरोबर असंच जेवले. त्यांनी लगेच सांगितलं, मलाही तेच. ग्यूहोने तेच. ग्यूहोच्या आईला कोणी विचारलंच नाही. ती टेबलाच्या कडेला, अर्धी खुर्चीवर अर्धी बाहेर, अशी बसली होती. बारीक बाई. आल्यापासून तिने सगळ्यांना पाणी आणून दिलं, जेवायच्या काड्या वाटल्या, आणि बोलली एकच, की थंडी वाढली.

टेबलाखाली बोरामचा पाय माझ्या पायावर होता. तरी मी मालकांना सांगितलं की तांगसूयुकची मोठी बशीही आणा. बांगसाहेबांच्या कपाळाला आठी पडली आणि मला जरा बरं वाटलं.

तांगसूयुक आलं. तळलेलं डुकराचं मांस, गरमागरम, कुरकुरीत, आणि वेगळ्या वाडग्यात आंबटगोड सॉस. तुकडा सॉसमध्ये बुडवून खायचा की सॉस वरून ओतायचा, यावरून आमच्याकडे सख्खी भावंडं हमरीतुमरीवर येतात. म्हणून निदान विचारायची तरी रीत आहे. बांगसाहेबांनी कोणाकडे न बघता वाडगा उचलला आणि सगळा सॉस बशीवर उपडा केला. ओतूनच चांगलं लागतं, म्हणाले. आमच्या घरात सगळे ओतूनच खातात.

मी जीभ चावली. सांगते, अक्षरशः चावली.

मग नूडल्स आल्या. सहा वाडगे, पांढऱ्या नूडल्सच्या ढिगावर काळा सॉस, वाफ निघतेय. ज्याने जाजांग खाल्लाय त्याला कळेल की इथे घाई लागते. वाडगा पुढ्यात आला की लगेच काड्या दोन हातांत धरून तळापासून कालवायचं. नाहीतर नूडल्स एकमेकींना चिकटतात, फुगतात, आणि मग तो लगदा गिळायचा. बांगसाहेबांनी मात्र काड्यांना हातही लावला नाही. ते आमच्या ह्यांना आपल्या इमारतीतला भाडेकरू कसा नालायक आहे ते सांगत होते. ग्यूहो फोन बघत होता. आणि ती बारीक बाई उठून उभी राहिली, नवऱ्याचा वाडगा ओढला आणि कालवायला लागली. निगुतीने, सॉसचा एक शिंतोडा बाहेर उडू न देता. कालवून झाल्यावर वाडगा नवऱ्यापुढे ठेवला, त्याच्या काड्या त्याच्या हाताशी ठेवल्या. बांगसाहेबांनी बोलणं न थांबवता खायला सुरुवात केली. थँक्यू नाही, मान वर करणं नाही.

मग तिने ग्यूहोचा वाडगा ओढला.

पस्तिशीचा घोडा! गाडी चालवतो, ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, आणि याच्या नूडल्स याची आई कालवते. माझं लक्ष तिच्या स्वतःच्या वाडग्याकडे गेलं. त्यातली वाफ कधीच संपली होती. सॉसवर साय धरली होती, खालच्या नूडल्स फुगून कडांपर्यंत आल्या होत्या. मला एकदम कळलं की या बाईने लग्न झाल्यापासून गरम जाजांग खाल्लेलाच नाही.

ती कालवता कालवता थांबली. बोरामकडे बघून हसली, खरंच मायेने हसली, आणि वाडगा तिच्यापुढे सरकवला. म्हणाली, "घे, आता तूच कालव. त्याला अगदी तळापासून लागतं, एक जरी पांढरी राहिली तरी खात नाही. यापुढे तुझ्याकडेच आहे हे."

बांगसाहेब हसले. आज अधिकृत बदली झाली, म्हणाले. ग्यूहोही हसला. त्याने फोन खाली ठेवला आणि बोरामकडे बघत वाट पाहायला लागला. अगदी प्रेमाने वाट पाहायला लागला, तेच मला सहन झालं नाही.

बोरामने काड्या उचलल्या.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. शपथ गेली खड्ड्यात. मी म्हटलं, "का? त्याचे हात लुळे पडलेत?"

फरशीवाल्या गड्यांचं ओरपणं थांबलं. बोरामचा पाय माझ्या पायावर जोरात दाबला गेला, पण आता माझा गाडा सुटला होता. मी म्हटलं, माझ्या मुलीला मी शिकवलं ते दुसऱ्याच्या पोराला भरवायला नाही. दिवसभर ती लोकांच्या तोंडात हात घालते, तेवढं पुरे आहे. घरी आल्यावर तिचं अन्न तिला गरम मिळणार नसेल तर कशाला हवंय हे लग्न?

बांगसाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तोंड पुसलं, काडीने माझ्या हाताकडे बोट दाखवल्यासारखं केलं आणि शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, मग तुमच्या हातात काय आहे?"

मी खाली बघितलं.

माझ्या हातात बोरामच्या बाबांचा वाडगा होता. छान कालवलेला, प्रत्येक नूडल काळी, चकचकीत. माझा स्वतःचा बाजूला तसाच होता, न कालवलेला, साय धरलेला. हे माझ्या हातांनी कधी केलं, देवाशप्पथ मला कळलं नव्हतं. तोंड एक बोलत होतं आणि हात आपलं नेहमीचं करत होते. शेजारी बोरामचे बाबा काड्या घेऊन, शहाण्या मुलासारखे, तयार बसले होते.

बांगसाहेब खो खो हसले. फरशीवाल्यांपैकीही कोणीतरी फिसकन हसलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि त्याहून जास्त मला राग आला. बांगसाहेबांचा आला, ग्यूहोचा आला, शेजारी बसलेल्या या शहाण्या बाळाचा आला, आणि माझ्या या दोन हातांचा सगळ्यात जास्त आला. मी बोरामकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ती हे जन्मापासून बघत आली होती, माझ्याच टेबलावर, दर रविवारी. मी घसा फोडून काय शिकवलं आणि हातांनी काय शिकवलं!

मी वाडगा मध्येच ठेवून दिला. तो ह्यांच्यापुढे सरकवायची मला लाज वाटली आणि ओढून घ्यायची ह्यांना.

बोराम मात्र कालवत होती. मान खाली, तळापासून, एकही पांढरी न ठेवता. मला वाटलं, संपलं. मी वाद हरले आणि पोरगी गेली. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि ग्यूहोपुढे नाही, ग्यूहोच्या आईपुढे ठेवला.

"आई, तुम्ही खा," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."

मग त्या बाईचा फुगलेला वाडगा तिने उचलून ग्यूहोपुढे ठेवला.

ग्यूहोने वाडग्यात बघितलं. काडीने एकदा वरची साय टोचली. या फुगल्यात गं, म्हणाला. बोराम म्हणाली, हो, तुझ्या आईच्या नेहमी अशाच असतात. मला वाटलं, आता तरी हा काड्या धरेल. धर रे, मी मनात म्हणत होते. एवढा राग आला होता तरी मला ते हवं होतं, कारण बोरामचा जीव होता त्याच्यावर. डोळ्याची पापणी न हलवता ती त्याच्या हातांकडे बघत होती.

ग्यूहोने हात वर केला आणि मालकांना हाक मारली. एक जाजांग नवीन द्या.

नवीन वाडगा यायला वेळ लागत नाही. वांग मालकांनी तो आणून ठेवला आणि तिथून लगेच सटकले. वाफ निघत होती. ग्यूहोने बोरामकडे बघितलं. तिने हात मांडीवर ठेवले होते. त्याने माझ्याकडे चुकून बघितलं आणि नजर वळवली. मग त्याने तो वाडगा टेबलावरून ढकलत ढकलत आईपर्यंत नेला.

"आई," तो म्हणाला. एवढंच.

ग्यूहोची आई जेवत होती. कधी सुरुवात केली होती कोणास ठाऊक, पण वाडग्यावर वाकून, दोन्ही गाल भरून, ओठांच्या कडा काळ्या करून जेवत होती. तिने मान वर केली नाही. बांगसाहेब म्हणाले, अगं, दे ना कालवून, पोर थांबलंय. तरी तिने मान वर केली नाही.

"मी जेवतेय," ती म्हणाली.

बांगसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. हे वाक्य त्यांनी घरात कधी ऐकलं नव्हतं, हे बघणाऱ्याला कळत होतं. ग्यूहो मात्र वाट बघत होता. वाडगा पुढ्यात, हात मांडीवर. वाफ विरायला लागली तरी वाट बघत होता.

बोराम उठली. कोट घेतला. ग्यूहोला म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. तो खरोखरच चक्रावला. एका वाडग्यावरून? असं त्याने विचारलं. त्याला उत्तर न देता ती त्याच्या आईपुढे कमरेत वाकली, सावकाश जेवा आई, म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. मीही जाकीट सावरत उठले, तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू जेवून ये," म्हणाली. "मी बस थांब्यावर आहे." मला शपथ मोडल्याबद्दल बोलेल असं वाटलं होतं. नाही बोलली.

काचेच्या दारातून ती रस्ता ओलांडताना दिसली. बाहीने डोळे पुसत होती. मला इतका राग आला होता की दुकानाचं दार उखडून काढलं असतं. आणि पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता.

मी खाली बसले. मध्ये पडलेला, मी कालवलेला वाडगा ओढला आणि खायला लागले. कोमट होता, पण कालवला चांगला होता.

"अगं, तो माझा..." बोरामचे बाबा म्हणाले.

"माझा आहे ना तिथे," मी म्हटलं. "कालवून घ्या."

त्यांनी मुकाट्याने माझा साय धरलेला वाडगा ओढला आणि काड्या दोन्ही हातांत धरल्या. पहिल्याच झटक्याला माझ्या नव्या जाकिटावर सॉस उडाला. मी तो तसाच राहू दिला. बांगसाहेब बायकोला ऊठ म्हणत होते, घरी चल म्हणत होते, एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. ती वाडग्याच्या तळाशी पोचली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, ओठ पुसले नाहीत, आणि मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक काप उचलला आणि आम्ही दोघी जेवत राहिलो.