घासतो मी, मिरवतं भिंग

आधीच सांगून टाकतो मित्रांनो, म्हणजे मागाहून म्हणायला नको की या म्हाताऱ्याने आम्हाला फसवलं. मी मनाने फार चांगला नाही. माझ्या पोटात दुखतं. गेली एकवीस वर्षं दुखतंय, आणि त्याचं कारण भिंतीपलीकडच्या खोलीत, गार हवेत, मखमली टोपी घालून बसलं आहे.

मी नमुने घासायचं चाक. धातू आणि इतर पदार्थांचं इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, बेसिनला खेटून माझी जागा. इथल्या मुलांना लोखंडाच्या पोटात काय दडलंय ते बघायचं असतं. पण लोखंड काही असं सहज पोट दाखवत नाही. मग ती त्याचा तुकडा कापतात, प्लास्टिकच्या बुटक्या गोळीत बसवतात आणि माझ्याकडे आणतात. आधी माझ्यावर खडबडीत कागद चढतो, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. शेवटी मऊ कापड, आणि त्यावर पांढऱ्या पावडरचं पाणी. दोन तास घासावं तेव्हा कुठे तो तुकडा आरशासारखा होतो. आणि झाला रे झाला की पोरं तो उचलून पळतात पलीकडे, सूक्ष्मदर्शकाकडे!

हा सूक्ष्मदर्शक माझ्यानंतर नऊ वर्षांनी आला. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. त्याला हात लावायचा तर रुमालाने पुसून. भिंगातून बघत पोरं ओरडतात, “आई गं, कसलं भारी दिसतंय!” पाहुणे आले की मॅडम त्यांना तिकडेच नेतात. आमच्या विभागाच्या प्रमुख त्या. माझ्यापाशी आल्या की म्हणतात, “इथे जरा चिखल आहे, जपून.” चिखल म्हणे! तो चिखल नसता तर त्या भिंगाने काय बघितलं असतं, कपाळ? घाम माझा आणि आरती त्याची. सांगा, जळफळाट होणार नाही तर काय होईल?

माझी कदर होती ती एकट्या लॅबकाकांना. प्रयोगशाळेची देखभाल त्यांच्याकडे. दर वर्षी नव्या मुलांना ते एकच मंत्र देत. “कागद बदलला की तीन कामं. हात धू, सँपल धू, सँपल पाव फेरा वळव. जुने ओरखडे आडवे दिसतात, ते पुरते गेले की मगच पुढचा कागद.” कारण खडबडीत कागदाचा एक कण जरी मऊ कापडावर आला, तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. असा कण आला की माझं बेअरिंग कर्र करायचं. काका कुठेही असोत, तिथून ओरडायचे, “थांब! चाक कुरकुरतंय!” मी कुरकुरायचो आणि नमुना वाचायचा.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. काकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, कारण ती कधी चालायचीच नाही, पळायची. तिच्या प्रोजेक्टला मॅडमनी एक खरंखुरं काम दिलं. कॉलेजच्या नव्या सभागृहाच्या गॅलरीला लोखंडी कठडा बसवायचा होता. तो आपल्याच वर्कशॉपातल्या वेल्डरमामांनी करायचा की बाहेरच्या माणसाला द्यायचा, हा प्रश्न होता. मामा चोवीस वर्षं तिथे जोडकाम करत होते, पण वय झालं, हात कापत असेल, अशी कुजबुज होती. मॅडमनी मामांकडून एक जोड करून घेतला आणि तो भिंगरीकडे दिला. जोडात भेग निघाली तर काम बाहेर, आणि मामांची रवानगी भांडारात, नटबोल्ट मोजायला.

मामा स्वतः तुकडा घेऊन आले. म्हणाले, “बघ गं बाळा नीट. मला भांडारात करमायचं नाही.”

“काळजीच करू नका मामा, आठवड्यात सांगते,” भिंगरी म्हणाली आणि आठव्या दिवशी सकाळी घासायला बसली. अकराला मॅडमना भिंगातून काढलेला फोटो दाखवायचा होता! कागदांवर कागद भराभर बदलले. शेवटी हात न धुताच मऊ कापड चढवलं. तिच्या नखाखालून एक जाडा कण कापडावर पडला. मला तो लगेच कळला.

आणि मित्रांनो, मी कुरकुरलो नाही.

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येत होता. पाहुणे आले होते, भिंगाची वाहवा चालली होती. माझ्या मनात आलं, जाऊ दे आज एक ओरखडा तिकडे. नाक कापलं जाऊ दे त्याचं. मी श्वास धरल्यासारखा गुळगुळीत फिरलो. काका दहा पावलांवर कपाट लावत होते, पण त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

फोटो निघाला. जोडाच्या बरोबर मधून एक काळी रेघ. भिंगरीचा चेहरा उतरला. मॅडमनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “भेग आहे ही. वाईट वाटतं, पण कठडा म्हणजे मुलांच्या जिवाशी गाठ. बाहेरच्या माणसाला बोलवावं लागेल. उद्या पत्र काढते.”

भिंगाला कुणी बोल लावला का? छे! उलट पाहुणे म्हणाले, “वा, किती स्पष्ट दिसतंय!” बोल लागला तो मामांना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण ते मला एकट्याला ठाऊक.

दुपारी मामा आले. भिंगरीने खाली मान घालून फोटो पुढे केला. मामांनी तो चष्मा पुसून पाहिला. “असेल गं,” ते म्हणाले, “माझाच हात चुकला असेल. चष्मा बदलायचा राहिलाच होता. तू रडू नकोस.”

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो बिचारा माणूस स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. माझी मला लाज वाटली.

काकांनी फोटो मागून घेतला आणि खिडकीशी नेला. “भिंगरे, ही रेघ एवढी सरळ कशी गं? भेग वाट काढत जाते, वळते, फाटे फोडते. ही तर पट्टीने ओढल्यासारखी आहे. खरं सांग, हात धुतले होतेस?”

तिने आपली नखं बघितली. मग म्हणाली, “नाही काका.”

“मग बस परत. पहिल्या कागदापासून. ओरखडा असेल तर जाईल. भेग असेल तर कितीही घास, राहील.”

ती बसली. या वेळी प्रत्येक कागदाला हात धुतले, नमुना धुतला, पाव फेरा वळवला. मामा स्टुलावर बसून होते. मऊ कापड चढलं, आणि माझ्याच कडेच्या खाचेतून कालपरवाचा एक कण सुटून कापडावर आला. मी होतं नव्हतं ते बळ एकवटून कुरकुरलो. कर्रर्र! टेबलावरच्या बाटल्या थरथरल्या.

“थांब!” काका ओरडले. तिने झटकन हात उचलला. कापड बदललं, मला खाचेपर्यंत धुतलं, आणि काम पुढे चाललं.

साडेचारला तिने नमुना उजेडात धरला, भिंगाखाली ठेवून आली, आणि पळतच परतली. “नाहीये! मामा, रेघ नाहीये! मॅडमनीपण बघितलं. पत्र नाही काढत म्हणाल्या. चला, तुम्ही बघा ना भिंगातून.”

“नको गं, बूट काढा, मोजे काढा. इथेच दाखव,” मामा म्हणाले. तिने ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. मामांनी ती डोळ्यांजवळ नेली, आणि एकदम हसले. “अगं, यात तर माझी मिशी दिसतेय!”

आपण जोडलेल्या लोखंडात आपलाच चेहरा बघत ते कितीतरी वेळ बसले. हात मुळीच कापत नव्हता.

आता तो कठडा सभागृहात उभा आहे. सूक्ष्मदर्शक अजून गार हवेत आहे, पाहुणे अजून तिकडेच जातात, आणि माझ्या पोटात अजून थोडं दुखतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण भिंगरीने माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, ‘आधी हात धुवा.’ ते मात्र पाळा, मित्रांनो. मला धुऊन पुसून ठेवा, खाचेतसुद्धा. आणि कधी कुणाच्या रागापायी तुम्हालाही गप्प बसावंसं वाटलं, तर बसू नका. कुरकुरा.