दिव्यावरची चिकटपट्टी

गाडीचे चारही टायर बदलायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांनी सुनेला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "टायरवाल्याला सांग, चाकात ते हवेचे सेन्सर आहेत ना, ते काढूनच टाक म्हणावं. साधे व्हॉल्व्ह बसव. हवा ठीक असते आणि दिवा उगाच पेटतो. नसती भुणभुण!"

सून हो म्हणाली. गाडीतलं त्यांच्याइतकं घरात कुणालाच कळत नव्हतं. तिला गाडी शिकवली तीही त्यांनीच. नवऱ्यानं आधी प्रयत्न केला होता, पण दर वेळी दोघं अबोला धरूनच घरी परतायची. मग सासरे म्हणाले, "पोरी, उद्यापासून माझ्याबरोबर चल." भर चौकात गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवून कावले, तरी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पुढे ती स्कूटरवरून कामाला जाऊ लागली आणि गाडी सासऱ्यांकडेच राहिली. संध्याकाळी नातीला, चिऊला, पोहायला नेणं-आणणं हे त्यांचं काम. सासूबाई गेल्यापासून तेवढ्या एका कामासाठी ते दुपारपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं टायरच्या दुकानात गेली. सासरे काचेपलीकडच्या बाकावर बसले. टायरवाला गाडी लिफ्टवर घ्यायला आत बसला आणि लगेच डोकं बाहेर काढून हसला.

"हे काय हो, दिव्याला मलमपट्टी?"

सुनेनं वाकून पाहिलं. स्टिअरिंगमागे, टायरचं चित्र उमटतं त्या जागी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा नीट कापून लावलेला होता. त्यानं तो नखानं सोलला. खाली पिवळा दिवा जळतच होता.

हातातलं छोटं यंत्र एकेका चाकाजवळ धरत तो गाडीभोवती फिरला. "सेन्सर चारही चालू आहेत, बॅटरीही चांगली आहे. काढायचे कशाला? मागच्या डाव्या चाकात हवा खरंच कमी आहे, म्हणून दिवा पेटलाय."

ते चाक त्यानं मशीनवर आडवं टाकलं. सेन्सर व्हॉल्व्हच्या मागेच असतो, टायर उचकटायचा दांडा जरा लागला की मोडतो, म्हणून ती बाजू सांभाळत त्यानं टायर सोडवला. मग आत बघून त्यानं सुनेला हातानं जवळ बोलावलं.

टायरच्या आत रबराचा काळा भुगा साचला होता. कडेनं गोल पट्टा घासला गेला होता आणि आतले दोरे दिसत होते.

"हवा गेलेल्या टायरवर गाडी पळवलीय," तो म्हणाला. "तीही थोडीथोडकी नाही. नंतर कुणीतरी पंक्चर काढलंय, पण धड नाही, तिथून हवा झिरपतेय. बाई, राग मानू नका, पण गाडी खडखडते, एका बाजूला ओढते, माणसाला कळत नाही होय? हा टायर रस्त्यात फुटला असता म्हणजे? कोण चालवतं ही?"

सुनेनं काचेकडे पाहिलं. सासरे उठून उभे राहिले होते. दार उघडंच होतं.

"माझ्याकडूनच झालं," ती म्हणाली.

नवे टायर चढले, व्हॉल्व्हची रबरं बदलली, हवा भरली. निघताना टायरवाल्यानं सांगितलं, "थोडा वेळ चालवा. सेन्सरनं नवी हवा ओळखली की दिवा आपोआप जाईल." सासऱ्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"बाबा, आज मी चालवते."

ते पलीकडच्या दारानं आत बसले. दोन चौक गेले. मग ते म्हणाले, "त्याच्याशी खोटं का बोललीस?"

"तुमच्यासमोर काय सांगायचं होतं मी?" ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हवा गेलेल्या टायरवर एवढं लांब कुठं गेला होतात बाबा?"

सासरे खिडकीबाहेर पाहत राहिले. "चिऊला तलावावरून घरी आणत होतो. रोजचंच वळण. वळलो, आणि पुढचा रस्ता माझ्या ओळखीचाच नाही. म्हटलं, पुढे काहीतरी ओळखीचं लागेल. मग पुढे, मग अजून पुढे."

"चिऊ गाडीत होती?"

"मागे गाणी म्हणत होती."

"आणि टायर?"

"आवाज येत होता गं. वाटलं, रस्ता खराब आहे. एक स्कूटरवाला शेजारी येऊन ओरडला तेव्हा कळलं. त्यानंच पंक्चरवाल्यापर्यंत नेलं." त्यांनी घसा खाकरला. "तिथून घराचा रस्ता मी चिऊला विचारला. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही माझी परीक्षा घेताय ना? मी म्हटलं, हो."

सुनेनं गाडी कडेला घेतली. चिऊनं त्या संध्याकाळी, आजोबांनी लांबची चक्कर मारून आणलं, असं सांगितलं होतं आणि ते ऐकून आपण हसलो होतो, हे तिला आठवलं. तिला ओरडायचं होतं, आणि या माणसावर ओरडायला तिची जीभ रेटत नव्हती.

"पट्टी तुम्हीच लावलीत?"

"दिवा पेटला की तो दिवस आठवायचा."

"आम्हाला सांगायचं ना, बाबा!"

"सांगितलं असतं तर किल्ली घेतली असतीत."

"हो. घेतली असती."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "घरी गेल्यावर पोराला मीच सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. जेवताना ते नव्या टायरचं कौतुक करत राहिले. सून वाट पाहत होती. हात धुऊन ते खोलीत गेले, तेव्हा तिनंच नवऱ्याला सगळं सांगितलं.

नवरा पेटून उठला. खोलीच्या दारात उभं राहून त्यानं बापाला नाही नाही ते सुनावलं. "लेकराचा जीव गेला असता! आणि वर दिवा झाकून रोज तिला फिरवत होतात?" सासरे खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी एकदाच वर पाहिलं, तेही मुलाकडे नाही, सुनेकडे. ती नजर तिला सोसवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

किल्ली नवऱ्याच्या कपाटात गेली. डॉक्टरांची वेळ ठरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून कामावरून लवकर घरी आली, तर सासरे बूट घालून दाराशी उभे. शेजारी चिऊ, पोहण्याची पिशवी घेऊन.

"किल्ली कुठं ठेवलीस, पोरी? उशीर होतोय."

सुनेनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते वेड घेऊन पेडगावला जाताहेत की खरंच काही आठवत नाही, तिला काही केल्या कळेना. तिनं चिऊला आत पाठवलं. स्वतः उंबऱ्याशी बसली, त्यांनाही हाताला धरून शेजारी बसवलं आणि हळू आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली. रस्ता चुकला तिथपासून, स्कूटरवाला, पंक्चर, टायरमधला भुगा.

सासऱ्यांनी मधे एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही. दुसऱ्याच कुणाची तरी हकिगत ऐकावी तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरेरे," ते शेवटी म्हणाले. "मग त्या लेकराला काही लागलं तर नाही ना?"