धुके वगळता

लिस्बनच्या वेधशाळेत मी बावीस वर्षे हवामानाच्या नोंदी ठेवल्या. एवढ्या काळात धुक्याची तारीख मागायला आलेले गृहस्थ एकच: कवी तेओदोसियो फाल्कातो. शतकांपूर्वी रणात हरवलेला राजा एका धुकट सकाळी परतेल, ही आमच्या लोकांची जुनी आशा. तीच त्यांच्या महाकाव्याचा विषय. तीस वर्षांनी अखेरचा सर्ग पुरा झाला होता, आणि तो तेजो नदीच्या धक्क्यावर, भर धुक्यातच वाचायचा असा त्यांचा पण होता. मात्र श्रोते जमेपर्यंत ऊन पडे. तीन हिवाळे असेच गेले. चौथ्यापलीकडे हृदय साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"धुक्याला तारीख नसते," मी म्हणालो. "शक्यता सांगू शकतो."

"शक्यता निमंत्रणपत्रिकेवर छापतात होय? मग त्या पाऱ्याच्या नळ्या सरकार कशाला पोसतंय?"

त्यांची मुलगी लेओकादिया दाराला टेकून उभी होती. "साहेब, एक तारीख द्या हो. चुकली तर चुकली. तीन वर्षं पहाटे उठून खिडकी उघडतेय मी."

मी वह्या काढल्या. एकोणीस नोव्हेंबरला बावीसपैकी नऊ वर्षी धुके होते; इतर प्रत्येक तारखेला त्याहून कमी. याला भाकीत म्हणणे चूक होते. नऊ वेळा होते म्हणजे तेरा वेळा नव्हते, हेही मी सांगितले. तारीख मात्र दिली.

एकोणीसला पलीकडच्या काठावरच्या खिडक्या मोजता याव्यात इतकी हवा स्वच्छ होती. अकरा माणसे आली.

"नोव्हेंबरातलं हे चार दिवसांचं ऊन, संत मार्टिनचा उन्हाळा, लांबलाय यंदा," चेस्टनट भाजणारी बाई म्हणाली.

एका नव्या मासिकाचा तरुण संपादक झेफेरिनो हसला. "काका, महाराज आज रजेवर दिसतात!"

फाल्कातोंनी पाने उघडली आणि ते नुसतेच पाहत राहिले.

"बाबा, वाचा. लोक खोळंबलेत."

"काय वाचू? 'काहीच दिसत नाही' असं लिहिलंय इथे. आणि तू दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेस, तेसुद्धा दिसतंय मला."

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. धुक्याची प्रत्येक ओळ सोडून. धुक्यावाचून राजाला येता येईना, तेव्हा तोही गळला. दीड तासाचा सर्ग चार मिनिटांत संपला. उरला नावेचा ओला दोर, तो धरून उभी असलेली एक बाई, तिची बधिर बोटे, आणि बसायला कोरडी जागा शोधणारी तिची नजर.

टाळ्या पडल्या नाहीत. झेफेरिनोने टोपी काढली. "हे मला द्या. पुढच्या अंकात छापतो."

"हे उरलंसुरलं आहे. लिहिलं ते वेगळंच होतं."

"उरलंसुरलंच द्या."

फाल्कातो दगडी पायरीवर बसले. ओठ निळसर झाले होते. नाडी मी मोजली, एकशे बारा. "छापा," ते म्हणाले. "नाव मात्र घालू नका. इतकं थोडकं मी कधी लिहीत नाही."

लेओकादियाने संपादकाकडून पेन्सिल घेतली, पाने मांडीवर ठेवली आणि धुक्याच्या ओळी एकेक करून खोडू लागली.

"सावकाश, बाई," ते म्हणाले. "त्यातल्या काही बऱ्या आहेत."