कोऱ्या रकान्यांचा सलामीवीर

या, पुढच्या बाकावर या. मागं बसलेल्याला अर्धंच ऐकू जातं, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. अलाबामातल्या आमच्या पोलाद कारखान्याच्या वस्तीतली आहे, युद्ध संपून दोन वर्षं झाली होती तेव्हाची. सिस्टर ओझेलांनी एक चूक शोधून काढली, ती दुरुस्तही केली, आणि तरी त्यांच्या जिवाला चैन पडलं नाही. का, ते सांगायचं आहे.

चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टर म्हणतो; तर सिस्टर ओझेला आमच्या बेसबॉल संघाची स्कोअरची वही लिहायच्या. आधी हे काम त्यांचे यजमान, आमच्या चर्चचे कारभारी डीकन हायरम करत. ते देवाघरी गेले तेव्हा वही आणि पेन्सिल बाईंकडे आली. लिहायची पद्धतही डीकनचीच. फलंदाज बाद झाला, खूण. चेंडू मारून बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठाण्यावर, पोचला, खूण. पण पिचरनं, म्हणजे समोरच्या गोलंदाजानं, चार वाईट चेंडू टाकले आणि फलंदाज नुसता चालत पहिल्या बेसवर गेला, तर रकाना कोरा. "चालत गेलेला माणूस सरासरीत धरत नाहीत, मग कागद कशाला मळवायचा?" असं डीकन म्हणत. ओझेलाबाईंनी नवऱ्याचा शब्द आठ वर्षं पाळला.

त्या हंगामाच्या शेवटी कारखान्यानं कळवलं, संघातला एक माणूस कमी करा. ऐकायला एवढंसंच. पण संघातल्या माणसाला गोदामात हलकं काम मिळायचं, आणि संघातून निघालेला माणूस कोळशाच्या भट्टीवर जायचा. सलामीला दोघं आलटून पालटून खेळत: एल्व्हेस्टर टेट आणि ज्युनियस पिकेट. चेंडू मारून बेसवर पोचायची ज्युनियसची सरासरी शंभरात एकतीस. एल्व्हेस्टरची बावीस. कोण जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

शनिवारी दुपारी ओझेलाबाई ओसरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. एल्व्हेस्टर पायरीशी येऊन उभा राहिला, हातात टोपी. पूर्वी दोन वर्षं तो भट्टीवर होता. तेव्हापासून बोलता बोलता त्याला खोकला यायचा.

"सिस्टर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की. पण आधी बस, उन्हात उभा राहून माझ्यावर उपकार करू नकोस."

"माझा आकडा एवढा खाली कसा हो? मी तर प्रत्येक सामन्यात बेसवरच असतो. पळून पळून बुटांचे तळ गेले."

"बेसवर असतोस, पण मारून कुठं? चालत जातोस."

"चालत का होईना, जातो ना?" तो हसला, मग खोकला. "डॉक्टर म्हणाले, आणखी एक हिवाळा भट्टीवर काढलास तर पुढचा मोजू नकोस."

तो गेला. बाईंनी वही उघडली. ज्या डावात माणूस खेळायलाच आला नाही, तो रकाना कोरा. आणि चालत बेसवर गेला, तोही कोरा. दोन्ही सारखेच. मग त्यांना एक वाट सुचली. सामन्याचा पहिला डाव सलामीवीरच सुरू करतो. तिथं रकाना कोरा असला, तर तो चालतच गेला असणार. पुढच्या डावांसाठी आधीच्या डावातला शेवटचा बाद कोण आणि नंतर कुणाची खूण आहे, ते पाहिलं की मधला कोरा रकाना बोलायला लागतो. बाईंनी सोललेले वाटाणे परातीत मांडायला घेतले: बेसवर पोचला तर एक इकडे, बाद झाला तर एक तिकडे. चूल थंड पडली, भाकरीचं पीठ तसंच राहिलं.

दोघंही दोनशे-दोनशे वेळा खेळायला आले होते. ज्युनियस बेसवर पोचला पासष्ट वेळा. एल्व्हेस्टर पंच्याऐंशी वेळा. त्यांतल्या बावन्न वेळा चालत.

वही काखेत मारून बाई मैदानावर गेल्या. संघाचे कप्तान लूशस बीम बॅटींना तेल चोळत होते.

"कॅप, माझ्या वहीनं एका माणसावर अन्याय केलाय," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

"अहो सिस्टर, चालत जाणं ही पिचरची चूक. त्याचं श्रेय एल्व्हेस्टरला कशाला?"

"वाईट चेंडू सोडायला डोळा लागतो. तुमचा ज्युनियस डोक्यावरून उडणाऱ्या कावळ्यालाही बॅट घालील!"

कॅप हसले, पण हटले नाहीत. "ज्युनियसचा चेंडू कुंपणाला जाऊन आदळतो, त्याचं काय?"

"अकरा वेळा आदळला. तेही धरलंय. पण सलामीवीराचं काम काय? मागून तुमचे दांडगे फलंदाज येतात तेव्हा बेसवर कुणीतरी उभं हवं. एल्व्हेस्टर सलामीला होता त्या चाळीस सामन्यांत आपल्या धावा दोनशे अकरा. ज्युनियसच्या चाळीसांत एकशे शहात्तर."

कॅपनी वही घेतली. बराच वेळ पानं उलटली. मग मान वर न करता म्हणाले, "म्हणजे ज्युनियसनं भट्टीवर जायचं. तुम्ही सांगताय तसं लिहू?"

एल्व्हेस्टरला वाचवायच्या नादात दुसरं नाव त्यांच्या मनात आलंच नव्हतं. ज्युनियसला त्यांनीच रविवारच्या शाळेत अक्षरं गिरवायला शिकवली होती. त्याची बायको लॉटी सात महिन्यांची गरोदर होती.

"मी कोणाला भट्टीवर पाठवत नाही, कॅप."

"मग कोण पाठवतंय? मला एकच नाव लिहायचंय."

बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. आकडे मात्र होते तसेच होते. "खरं आहे ते लिहा," त्या म्हणाल्या.

सोमवारी ज्युनियस भट्टीवर गेला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये रेव्हरंड मोझलींनी प्रवचन धरलं. आधी साधं बोलणं, मग आवाज हळूहळू सुरात चढला, आणि एका क्षणी शब्द कुठं संपले, गाणं कुठं सुरू झालं, कळेना. मेंढपाळ संध्याकाळी आपली मेंढरं मोजतो, असं ते गात होते, लोक "हो, प्रभू!" म्हणून साथ देत होते. ओझेलाबाई मात्र त्या सुरात मिसळल्या नाहीत. एकाला मोजून घेताना दुसरा हातातून सुटतो, त्याचं मेंढपाळानं काय करावं, हे गाण्यात येईना.

प्रार्थना संपल्यावर ज्युनियस त्यांच्याकडे आला. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, खालून भाजल्याचा लाल डाग दिसत होता.

"सिस्टर, आकडे दोनदा तपासले होते ना?"

"तीनदा तपासले, बाळा."

"मग माझं काही म्हणणं नाही," म्हणाला, आणि लॉटीला हाताला धरून पायऱ्या उतरला.

एल्व्हेस्टर त्यानंतर सहा हंगाम सलामीला खेळला, आणि त्याला आठवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तुमच्याकडे एवढंच मागणं: आज प्रार्थनेला डोकं टेकवाल तेव्हा भट्टीवर गेलेल्या ज्युनियस पिकेटलाही आठवा.